शून्य तफावत

आवक ०.००

नऊ वाजायला वीस मिनिटं होती. शर्वरी खांबेटेने खुर्ची पुढे ओढली आणि पाहुण्यांसाठी स्टूल सरकवलं. माणच्या पठारावरच्या भूकेंद्रातली ही खोली दहा बाय दहाची. एक खुर्ची, माहिती उमटणारे दोन पट, यंत्राचं लोखंडी कपाट, एक खिडकी. खिडकीबाहेर यानांशी संदेश साधणाऱ्या सोळा थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांतली चौथी गुरूच्या वाटेवरच्या दीपस्तंभ-सहा या यानाकडे वळलेली होती. त्या दीपस्तंभात एकच माणूस राहत होता: यशोधन तांडेल, वय चौतीस, गाव करंजा, घराणं मासेमारीचं. शर्वरी त्याची पथकप्रमुख.

पाहुणे होते डॉ. पोतनीस, मुख्यालयाचे मनतज्ज्ञ. कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी उत्तम घेणाऱ्या पथकप्रमुखाला यंदापासून मानपत्र द्यायचं ठरलं होतं आणि पहिलं नाव शर्वरीचं होतं.

"हे यंत्र कसं चालतं ते एकदा नीट सांगा," पोतनीस म्हणाले. "अहवालात वाचलंय, पण मला मशीन वाचून कळत नाही."

"इर्शाद, तू सांग. मी सांगितलं की परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं."

इर्शाद मुजावर, मिरजेचा, संदेशयंत्रणेचा अभियंता. त्याने चहाचा कप खिडकीत ठेवला.

"साहेब, तिकडे शब्द पोचायला एक्केचाळीस मिनिटं लागतात. उत्तर यायला आणखी एक्केचाळीस. 'जेवलास का' विचारावं, तर उत्तर येईपर्यंत आपलंच जेवून होतं. साध्या माणसाचं यावर भागतं. पण ज्याला घाबरायला होतं त्याला आत्ताच्या आत्ता कुणीतरी लागतं."

"म्हणून छाया."

"म्हणून छाया. दोन वर्षं मॅडमचं बोलणं ऐकून यंत्राने त्यांची छाया तयार केली. तशीच यशोधनची. दोन्ही छाया दोन्हीकडे आहेत. नऊ वाजता मॅडम इथे त्याच्या छायेशी बोलतात आणि त्याच वेळी तो तिकडे मॅडमच्या छायेशी बोलतो. दोघांनाही उत्तर लगेच."

"आणि खरं बोलणं?"

"ते मागून जातं, पण सगळं नाही. एवढ्या लांब सगळं पाठवायला तिथे वीज नाही. छाया काय बोलणार हे दोन्हीकडे ठाऊकच असतं. मग खरा माणूस जिथे छायेपेक्षा वेगळं बोलला तेवढंच पाठवायचं. तीच तफावत. छाया म्हणाली 'चहा घेतला' आणि माणूस म्हणाला होता 'चहा सांडला', तर 'सांडला' एवढाच शब्द प्रवास करतो. तो पोचला की नोंद दुरुस्त होते."

"आणि पटावरचा हा आकडा म्हणजे तफावतीचं माप."

"आवक. यशोधनकडून आलेली. शून्य म्हणजे अगदी छायेसारखा बोलला. एक म्हणजे भलताच कुणीतरी बोलला. माझी बायको आणि मी दहा वर्षांत शून्य पूर्णांक चारच्या खाली आलेलो नाही."

पोतनीस हसले. आकड्याखाली आणखी एक चौकोन होता. त्यावर पांढरी चिकटपट्टी होती.

"आणि हा?"

"जावक. माझी," शर्वरी म्हणाली. "बोलताना नजर तिकडे जायची, म्हणून झाकला."

पोतनीसांनी वहीत काहीतरी लिहिलं. "दहा दिवस सलग शून्य. चिंतांक नऊवर. गेल्या वर्षी हाच माणूस सत्तरच्या खाली येत नव्हता. आणि दहा दिवसांपूर्वी त्याने तुम्हाला, काय म्हणतात, अपशब्द वापरले, त्यानंतर हे घडलं. काय उत्तर दिलंत तुम्ही त्याला?"

"'तुझा राग मी समजू शकते, यशोधन.'"

"बघा," पोतनीस म्हणाले. "एका वाक्याने माणूस मोकळा झाला."

इर्शाद खिडकीतून चौथ्या थाळीकडे बघत राहिला.

मागचं थोडं

यशोधनसारखा चोख माणूस पथकात दुसरा नव्हता आणि तेच त्याचं दुखणं होतं. झोपण्याआधी तो यानाच्या तिन्ही दारांना हात लावून मोजायचा, मग पुन्हा मोजायचा. शर्वरी एकदा "पावणेनऊ" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी "नऊला तेरा कमी", तर त्याने त्या दोन मिनिटांचा हिशोब मागितला होता. तो भित्रा नव्हता. कशातही चूक राहिली असेल ही भीती त्याच्या अंगात घर करून होती, आणि दीपस्तंभात ती घालवायला दुसरं माणूस नव्हतं.

शर्वरीने त्याच्यासाठी एकेक गोष्ट सोपी करत नेली. रोज सकाळी हजेरीची कळ दाबायचा नियम होता. एकदा त्याला दाबायला चार मिनिटं उशीर झाला आणि दिवसभर तो थरथरत होता, म्हणून तिने मुख्यालयाशी भांडून त्याच्यापुरती हजेरी काढून टाकली. मनगटावरची नाडीपट्टी त्याला सतत स्वतःचे ठोके दाखवायची, तीही काढली. यानाचा पूर्ण अहवाल तो आठवड्याला पाठवायचा. तो महिन्यावर नेला. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "ताई, तुमच्यामुळे निभतंय."

मग एके दिवशी ती सहज बोलून गेली, "आज तुझा आवाज असा का येतोय रे?"

त्या एका वाक्यावर यशोधनने एकोणीस तास हवेच्या नळ्या उघडून तपासल्या. आवाज वेगळा येतोय म्हणजे हवेत काहीतरी बिघडलंय, असं त्याच्या डोक्यात बसलं. दोन नळ्या पुन्हा जोडताना चुकल्या असत्या तर तो गेलाच असता. त्या रात्री शर्वरी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून लिहून दिलं: यापुढे मी मनाने काही बोलणार नाही, यंत्र सुचवेल तेच बोलेन. सूचनापट त्यासाठीच होता. तिची छाया तिच्या जागी काय बोलली असती ते त्यावर उमटायचं, तिच्याच शब्दांत, फक्त घसरणारे शब्द गाळून.

ही गोष्ट चार महिन्यांपूर्वीची.

आवक ०.००

"नमुना दाखवू?" शर्वरीने सूचनापटावरचं पान मागे नेलं आणि कालची नोंद वाजवली. तिचाच आवाज, मग यशोधनचा:

*"आमच्या शेजारच्यांचं मांजर आहे ना, ते कुकरची शिट्टी मोजतं. तिसरी झाली की जिन्यात येऊन बसतं."*

*"ते मांजर माझ्यापेक्षा शहाणं, ताई. मी अजून दारं मोजतोय."*

*"मोज की. मी इथेच आहे."*

"सुंदर," पोतनीस म्हणाले. "मांजर खरं आहे?"

शर्वरी उत्तर देणार तेवढ्यात नऊ वाजले. तिने श्रवणपट्टा चढवला. यशोधनच्या छायेने नमस्कार केला, तिने केला. तीन दिवसांनी होणाऱ्या गतिरोधाबद्दल बोलणं झालं. दीपस्तंभाचा वेग कमी करायचा तर यशोधनने इंजिनाचा दांडा दोनशे बारा सेकंद हाताने दाबून धरायचा होता. मध्ये सोडला तर दीपस्तंभ गुरूला ओलांडून पुढे जाणार होता आणि तिथून कुणी परत आणू शकत नव्हतं. सरावात यशोधन कधी दीडशेपलीकडे गेला नव्हता. तिकडे शर्वरीची छाया सोबत मोजेल, असं ठरलं होतं.

"जमेल, ताई," छाया म्हणाली. आवाज शांत होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी शर्वरीने पटावरची पुढची ओळ वाचली.

"आमच्या शेजारच्यांचं मांजर आहे ना, ते कुकरची शिट्टी मोजतं. तिसरी झाली की जिन्यात येऊन बसतं."

"ते मांजर माझ्यापेक्षा शहाणं, ताई. मी अजून दारं मोजतोय."

"मोज की. मी इथेच आहे."

पोतनीस वहीत लिहीत होते. त्यांना कळलं नाही. इर्शादने मान वळवली. बोलणं संपल्यावर त्याने हळूच पटाकडे बोट दाखवलं. पान कालचंच राहिलं होतं.

"अरे देवा," शर्वरी म्हणाली. "आता ऐकून घ्यावं लागणार. 'ताई, हे काल सांगितलंत. काल शिट्ट्या तीन होत्या, आज किती?'" ती स्वतःशीच हसली. कितीतरी दिवसांनी तिला त्याचं बोलणं ऐकायची घाई झाली होती.

नऊ दहाला केलेली चूक तिकडे नऊ एकावन्नला पोचणार. त्याचं बोलणं इकडे दहा बत्तीसला. पोतनीस नाश्त्याला गेले. शर्वरी खुर्चीतच बसली.

दहा बत्तीस झाले. दहा तेहतीस.

आवक ०.००.

तिने आकडा पुसला, जणू काचेवर धूळ होती. "इर्शाद, यशोधन ही चूक सोडेल?"

"मरेपर्यंत नाही," इर्शाद म्हणाला.

"एक सांग. त्याने तोंडच उघडलं नाही तर काय येतं?"

इर्शादला उत्तर माहीत होतं.

"काहीच येत नाही, मॅडम. माणूस बोलला तरच तिकडची यंत्रणा काही पाठवते. काही आलं नाही म्हणजे छायेशी जुळलं, असं धरायचं. मौनाला वेगळी खूण ठेवलेली नाही. त्यासाठी हजेरी होती."

"आणि नाडीपट्टी."

"आणि नाडीपट्टी."

"आणि चिंतांक नऊ कुणाचा?"

"नोंदीतल्या आवाजाचा. नोंद दुरुस्त झालीच नाही, तर छायेचा."

दहा दिवस. रोज सकाळी वीस मिनिटं. शर्वरीला एकेक सकाळ आठवू लागली: त्याने सांगितलेली स्वप्नं, त्याने मानलेले आभार, परवा त्याने म्हटलेलं 'ताई, आता भीती कुठे जाते कळत नाही.' त्या वाक्यावर ती घरी जाऊन रडली होती, आनंदाने. ज्याला ती दहा दिवस धीर देत होती तो या खोलीतल्याच लोखंडी कपाटात होता.

आवक ०.०० · जावक ०.००

तिने श्रवणपट्टा ओढला. "यशोधन, मी इथेच आहे. घाबरू नकोस. तू बोल काहीतरी."

पुन्हा. "यशोधन, मी इथेच आहे. तुला बोलावंसं वाटत नसेल तरी चालेल. मी ऐकतेय."

पुन्हा. ती असं किती वेळ बोलत होती ते तिला कळलं नाही. इर्शाद फोनवर मुख्यालयाशी बोलत होता. फोन ठेवून तो आला, दोन वाक्यं ऐकली आणि वाकून त्याने चौकोनावरची चिकटपट्टी ओढून काढली.

जावक ०.००.

"मॅडम, यातलं काहीच जात नाहीये."

"म्हणजे?"

"हे सगळं छाया म्हणतेच. 'मी इथेच आहे' हे तर ती सगळ्यात जास्त वेळा म्हणते. तफावत नाही. पाठवायला काही नाही."

शर्वरी त्या शून्याकडे बघत राहिली. "चार महिन्यांची जावक दाखव."

इर्शादने काढून दाखवली. नळ्यांच्या प्रसंगापर्यंत रेषा डोंगरासारखी खालीवर होत होती. त्यानंतर ती जमिनीवर आली आणि जमिनीवरून सरळ पुढे गेली. शेवटी एक छोटा उंचवटा होता: आज, नऊ वाजून दहा मिनिटं, मांजर.

"तिकडे त्याच्या पटावरही हे दिसतं?"

"हेच दिसतं. तुमची जावक त्याच्याकडे आवक म्हणून."

तेव्हा तिला ती शिवी आठवली. दहा दिवसांपूर्वी, काही कारण नसताना, सकाळच्या बोलण्यात मध्येच. आईवरून दिलेली, बंदरावरची, ठसठशीत. आवक त्या दिवशी शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी होती. तिला खरं तर म्हणायचं होतं, 'तोंड सांभाळ, तांडेल.' जिभेवर आलं होतं. पण पटावर दुसरं वाक्य होतं, आणि तिने ते वाचलं.

"त्याने मला हाक मारली होती रे," ती म्हणाली. "मी आहे का ते बघत होता."

दहा छप्पन्न. तिने सूचनापट भिंतीकडे तोंड करून फिरवला.

"तांडेल," ती म्हणाली, आणि पुढे काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. "तांडेल, मला वाटतंय की तू मेलायस, आणि मी दहा दिवस इथे बसून... मी चार महिने वाचून दाखवत होते. कागदावरचं. मला भीती वाटायची की मी काही बोलेन आणि तू पुन्हा नळ्या उघडशील. तुझ्या भीतीची मला एवढी भीती बसली की मी, थांब, मला नीट सांगता येत नाहीये."

जावक ०.७१. ०.८३. ०.९०.

"जातंय," इर्शाद म्हणाला. "बोलत राहा. सगळं जातंय."

आवक ०.९४

अकरा सोळाला आकडा हलला. शर्वरीने इर्शादचं मनगट धरलं. श्रवणपट्ट्यात यशोधनचा आवाज आला. घोगरा, दहा दिवस न वापरलेला.

"नमस्कार. आज जो कोणी ताईंच्या खुर्चीत असेल त्याच्यासाठी बोलतोय. इर्शादभाई, तुम्ही असाल तर बरं.

"मला कुणी कळवलं नाही, त्याचा राग नाही. तुम्हाला वाटलं असेल की मला झेपणार नाही. म्हणून छाया चालू ठेवलीत. पण मी आकडे बघतो हे तुम्हाला माहीत आहे. चार महिने ताईंचा एक शब्द आला नाही. मी स्वतःला समजावलं, यंत्र बिघडलंय. मग परीक्षा घेतली. घाण बोललो. ताई असत्या तर माझी चामडी लोळवली असती. उत्तर आलं, 'तुझा राग मी समजू शकते.' तेव्हा कळलं.

"ताई माझ्या नात्यातल्या नाहीत. सुतक लागत नाही, मला माहीत आहे. पण इथे दुसरं कोण पाळणार? दहा दिवस पाळलं. बोललो नाही. बिनफोडणीचं खाल्लं, सुकटीच्या पाकिटाला हात लावला नाही. छाया रोज नऊला यायची, मी समोर बसून ऐकायचो. तिला काय कळतं, ती बिचारी मांजराच्या गोष्टी सांगायची.

"आज दहावा. भाताचा गोळा करून ठेवला. कावळा आणणार कुठून? बसून राहिलो. म्हटलं, ताईंची काय इच्छा राहिली असेल. मग मनातल्या मनात शब्द दिला, गतिरोध मी करीन, दोनशे बारापर्यंत हात सोडणार नाही. आणि तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, त्याच मिनिटाला ताईंकडून तफावत आली. चार महिन्यांत पहिली. काय, तर कालचीच मांजराची गोष्ट. पुन्हा एकदा. मला हसू आलं आणि मग रडू. शिवला कावळा.

"आता त्यांना अडकवून ठेवायचं नाही. अकरा वीसला छाया बंद करतो. ती बंद झाली की तुमचं काही मला ऐकू येणार नाही, साठूनही राहणार नाही. तेराव्याला परत चालू करीन. माझं बोलणं चालू राहील, कुणी ऐकत असेल तर."

इर्शाद पेन्सिलीने हिशोब करत होता. करायची गरज नव्हती. अकरा वीस व्हायला दोन मिनिटं होती. शर्वरीचं दहा छप्पन्नचं बोलणं तिकडे अकरा सदतीसला पोचणार होतं. दहा बत्तीसला, पहिल्या क्षणाला, ती तशी बोलली असती तर अकरा तेराला पोचलं असतं. मधली चोवीस मिनिटं ती त्याला सांगत होती, मी इथेच आहे.

आवक ०.९१, ०.९६, ०.९३

पुढचे तीन दिवस यशोधन बोलत राहिला. शर्वरी ऐकत राहिली. त्याला ऐकू जाईल असं काही तिच्याकडे नव्हतं.

पोतनीस दुसऱ्या दिवशी म्हणाले, "यानाला हुकूम देता येतात ना? दिवे लावा-विझवा. काहीतरी खूण करा."

"दिवे आपोआप लागताना बघून तो काय करेल, डॉक्टर? सगळ्या भिंती उघडेल. ऐन गतिरोधाच्या तोंडावर."

"पण तो तुम्हाला मेलेलं समजतोय."

"समजू दे. त्या समजुतीवर त्याने दोनशे बाराचा शब्द दिलाय. तो मी काढून घेणार नाही."

पोतनीसांनी वही मिटली. मानपत्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

यशोधन घाबरलेला होता. आता ते स्वच्छ ऐकू येत होतं. एकदा तो अर्धा तास फक्त श्वास घेत होता. एकदा त्याने दारं अकरा वेळा मोजली आणि मध्येच म्हणाला, "ताई, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बारावं कुठे गेलं?" तसं ती कधी म्हणाली नव्हती. पण म्हणाली असती. शर्वरी घरी जाईनाशी झाली. केंद्रातले लोक जिन्यात भेटले की तिला वाट देत आणि नजर चुकवत, जशी घरात कुणी गेल्यावर चुकवतात.

तेराव्या दिवशी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा आवाज आला, "धरला दांडा. एक. दोन. तीन."

हे एक्केचाळीस मिनिटांपूर्वी घडलेलं होतं. जे व्हायचं ते तिकडे होऊन गेलं होतं, फक्त इकडे कळायचं होतं. तरी शर्वरीने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घट्ट ठेवले आणि ती मोजू लागली.

ऐंशीला त्याचा आवाज फाटला. एकशे दहाला तो अंक गिळू लागला. एकशे चाळीस म्हणाला, मग पुन्हा एकशे चाळीस, मग पुन्हा. चार वेळा. शर्वरी पुढे गेली नाही. तीही एकशे चाळीसवर थांबली, चार वेळा म्हणाली. घड्याळाच्या हिशोबाने पुढे धावायला इर्शाद होता, तो तोंडावर हात धरून उभा होता.

"एकशे चव्वेचाळीस," यशोधन म्हणाला. त्याला चुकलेले अंकही मोजायचे होते.

दोनशे बाराला अंकाऐवजी दांडा सुटल्याचा आवाज आला. इर्शादने थाळीवरच्या लहरीचा, यानाच्या वेगाबरोबर बदलणारा सूर बघितला. तो उतरून नेमका जिथे हवा तिथे थांबला होता.

"धरलं, मॅडम. गुरूने धरलं त्याला."

श्रवणपट्ट्यात पाकीट फाडल्याचा आवाज. "तेराव्याला गोड करतात. चिक्की उरली होती एक." बराच वेळ चावण्याचा आवाज. "इर्शादभाई, छाया चालू करतोय. ताईंची छाया लागेल, दुसरी नाही माझ्याकडे. पण आता तिची भीती नाही. तुम्ही बोला."

जावक

खुर्ची रिकामी करायला शर्वरी उठली होती. इर्शादने मान हलवली. "तुम्ही."

"त्याला आता निर्धास्त वाटतंय. मी बोलले तर?"

"तर ऐकेल तो. त्याचा शब्द पुरा झालाय, मॅडम. आता हा तुमचा."

ती बसली. सूचनापट अजून भिंतीकडे तोंड करून होता. काय बोलावं याचा तिने तीन दिवस विचार केला होता आणि त्यातलं एकही वाक्य आता तिला चालेना. जे जे नीट होतं ते ते छायेचं असणार.

"तोंड सांभाळ, तांडेल," ती म्हणाली. "माझ्या आईबद्दल बोलायचं नाही. हे मला त्याच दिवशी म्हणायचं होतं." ती थांबली नाही. "आणि मांजर नव्हतं. शेजाऱ्यांकडे मांजर नाही, माझ्याकडे कुकर नाही. मी कँटीनमध्ये जेवते. चार महिने जे ऐकलंस त्यातलं काहीच माझं नव्हतं. दोनदा सांगितलेली गोष्ट तेवढी माझी. ती माझी चूक होती. एकशे चाळीस तू चार वेळा म्हणालास, मी इथे मोजत होते. मी मेले नाहीये रे."

जावक ०.९८.

उत्तर यायला ब्याऐंशी मिनिटं लागणार होती. उन्हं टेबलावरून सरकून भिंतीवर गेली. दोन वेळा चहा आला आणि निवला.

आकडा हलला, तेव्हा आधी नुसता श्वास आला. तिने तो मोजला नाही. मग यशोधन बोलला. आवाजात आनंद नव्हता आणि रागही नव्हता. एखादा आकडा जुळत नसला की तो जसा विचारायचा, तसंच त्याने विचारलं.

"मग मी दहा दिवस सुतक पाळलं, ते कुणाचं, ताई?"

शर्वरीने ओठ उघडले.

भिंतीकडे तोंड करून ठेवलेला सूचनापट उजळला. त्याचा हिरवा उजेड चुन्यावर पडला, क्षणभर थरथरला आणि स्थिर झाला. त्यावर तिच्या छायेचं उत्तर उमटलं होतं.